गडबचं गरम गॅरेज

सदर इसम नामे इलियास कासम मुकादम, वय वर्षे छप्पन, राहणार मस्कत, हल्ली मुक्काम गडब, तालुका पेण, जिल्हा रायगड. बांधा मध्यम. केस जेवढे आहेत तेवढे पांढरे. धंदा : वातानुकूलन यंत्रांची जोडणी व दुरुस्ती. गडब येथील वास्तव्याचे कारण : रजा. पासपोर्ट : वैध. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर तांब्याच्या नळीने भाजल्याचा डाग. सदर इसमाने आपल्या गॅरेजच्या दक्षिण भिंतीवर बियरचे रिकामे डबे काळ्या रंगाने रंगवून ओळीने बसविले असून, त्यामागील उद्देशाबाबत गावात एकमत नाही.

ग्रामपंचायतीने अशी नोंद केलेली नाही. करायची ठरवली असती तर याहून फार वेगळी झाली नसती.

इलियासने उभं आयुष्य लोकांच्या खोल्यांतली उष्णता बाहेर फेकण्यात घालवलं. सुट्टीत घरी येताना तो अत्तर, खजूर आणि पांघरुणं घेऊन यायचा. पांघरुणं गरम असायची आणि गडबला ती कपाटात राहायची. यंदा मात्र तो आला तो मोठ्या रजेवर. जुना मालक वारला होता, त्याच्या मुलाला वर्कशॉप नको होतं. मस्कतलाच असलेला मेहुणा यूनुस इलियाससाठी दुसरीकडे कामाची जागा बघत होता. जागा होतीही. दिवाळीपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

"हितं काम मिळाला तर ऱ्हातू," इलियास बायकोला म्हणाला होता. "नाय मिळाला तर जातू. बसून खायाचा माझ्याच्यानं होनार नाय."

मुनीराने चहा ठेवला. काचेच्या कपाटातला सोनेरी काठाचा कप काढला, पुसला आणि त्यात त्याला चहा दिला. तो कप पाहुण्यांचा. घरची माणसं स्टीलच्या पेल्यात पीत. गेल्या वीसेक वर्षांत इलियासला त्या घरात स्टीलचा पेला कधी मिळाला नव्हता, आणि हा मान आहे असं तो समजत आला होता.

आता काम. शेजारची चंद्रावती पोह्याचे पापड लाटते. पेणच्या दुकानदारांकडे तिचा माल दिवाळीच्या तोंडावर जातो. मुनीरा तिच्यासोबत लाटते, हे इलियासला फोनवरून माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं असंच म्हणायचं. पोह्याचा पापड कडक उन्हात टाकला तर तडकतो, सावलीत ठेवला आणि हवा ओली असली तर त्याच्यावर बुरा चढतो. भाद्रपदातला पाऊस गणपतीबरोबर जात नाही, हे आता सगळ्यांनाच सवयीचं झालंय. गेल्या वर्षीचा अर्धा माल कोंबड्यांनी खाल्ला. यंदाही तसंच झालं तर दुकानदार दुसरीकडे बघणार होते.

दारात जुनी ओम्नी उभी असते. एका दुपारी ढग सरले, इलियासने तिचं दार उघडलं आणि आतून मस्कत अंगावर आलं. बाहेर नुसतं कोवळं ऊन आणि आत हे. तो बराच वेळ दाराची उघडझाप करत उभा राहिला.

"गाडी बिघडली काय?" मुनीराने विचारलं.

"नाय. चालू झाली."

गॅरेज बांधलं होतं गाडीसाठी, पण ओम्नी कायम बाहेर, कारण आत सामान. इलियासने सामान काढलं. रोह्याला पुंडलिक नावाच्या भंगारवाल्याकडे कसल्याशा क्वार्टर्सच्या मोडलेल्या खिडक्या होत्या, त्यांची तावदानं आणली. डब्यांसाठी तो वडखळ नाक्यावरच्या हॉटेलांच्या मागे गेला. थंड पेयांचे डबे थोडे होते. उरलेले दुसऱ्या पेयाचे. पाचवेळचा नमाजी माणूस गोणपाट घेऊन बियरचे डबे वेचतो, ही बातमी ओम्नीच्या आधी गडबला पोचली.

"लोक काय म्हनतील?" मुनीरा म्हणाली.

"गो, मी रिकामेच घेतू."

"वास येतो त्यांना."

"रंग दिला की नाय येनार. काळा रंग दिला की सगले सारखे."

बुडं कापून डब्यांच्या उभ्या नळ्या केल्या, काळ्या पेटीत बसवल्या, वरून तावदान. उन्हाने डबे तापायचे, आतली हवा तापून वर चढायची आणि वरच्या भोकातून गॅरेजात शिरायची. छोटासा पंखा होता, तोही छपरावरच्या सौरपट्टीवर फिरायचा. आत पापड पसरायला बांबूच्या चौकटींवर नायलॉनची जाळी. मग इलियासने खरं काम केलं, ज्यात त्याचा हात मस्कतमध्ये कोणी धरत नसे. शटरच्या कडांना फोम लावला. खिडकीच्या फटींत सिलिकॉन भरलं. छपराच्या पन्हळींत कोंबायला अजून फोम आणला. गळती म्हणजे गुन्हा, हे एसीवाल्याच्या रक्तात असतं. मुंगीलाही आत यायला जागा राहिली नाही.

ऊन पडलं, गॅरेज तापलं. चंद्रावती आत डोकावली आणि पदराने तोंड पुसलं.

"इलियासभाई, तुमी तं दुबई हितंच आनली."

"मस्कत," इलियास म्हणाला.

त्याने सगळा ओला माल आत घेतला, शटर ओढलं आणि दोन दिवस कोणाला उघडू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी उघडलं. शटरच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. भिंती घामेजल्या होत्या. पापड एकमेकांना चिकटून त्यांची एक मोठी चादर झाली होती आणि तिला वास होता.

चंद्रावतीने चादरीचं एक टोक उचलून पाहिलं आणि सोडून दिलं.

"हमामखाना झाला की वो," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "मी बघते काय करायचा ते. घरात चुलीवर टांगते."

इलियासने ओट्यावर बसून यूनुसला निरोप पाठवला : व्हिसाचं बघ. मग आत जाऊन बॅग काढली. बॅगेवर मागच्या प्रवासाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ती त्याने काढली नाही.

मुनीरा गॅरेजात खराब माल आवरायला गेली आणि लगेच खोकत बाहेर आली. मग तिने शटर कमरेपर्यंत वर ढकललं, कोयता घेतला आणि मागच्या भिंतीतल्या वरच्या खिडकीचं सिलिकॉन खरवडू लागली.

"अगो, काय करतीस? हवा बाहेर जाईल," इलियास धावत आला.

"जाऊ दे की."

"गरम हवा हाय ती. मेहनतीची."

"तुमी येवढी वर्सं भायेर गेलाव, तवा मी दार लावला व्हता काय?" मुनीरा खरवडतच म्हणाली. "ज्याला जायाचा हाय त्याला वाट लागते. नायतर आतल्या आत कुजतो."

खिडकी उघडली. कोयता घ्यायला इलियासने हात वर केला तेव्हा बाहेर पडणारी हवा त्याच्या मनगटावरून गेली. हात ओला झाला. तो हात खाली घ्यायचा विसरला.

प्रत्येक एसीला मागून एक नळी असते. खोलीतल्या हवेतलं पाणी त्या नळीतून रस्त्यावर ठिबकतं. मस्कतच्या किती इमारतींवर अशा नळ्या त्याने सोडल्या असतील याचा हिशेब नव्हता. नळी विसरणाऱ्या पोराला तो शिव्या द्यायचा. आणि स्वतःच्या गॅरेजला नळी द्यायला तो विसरला. पापडातलं पाणी निघालं होतं, पण त्याला घराबाहेर जायला परवानगी नव्हती.

"नळी ऱ्हायली," तो म्हणाला.

"कसली?"

"काय नाय. कोयता दे."

त्या दुपारी फोम बराचसा निघाला. मागच्या भिंतीत वर पत्र्याचं काळं धुरांडं बसलं, ते उन्हाने तापायचं आणि आतली ओली हवा ओढून घ्यायचं. शटर खाली चार बोटं उघडं ठेवायचं, तिथे मांजरासाठी जाळी. गॅरेज आधीइतकं गरम होईना, याचं इलियासला थोडं वाईट वाटलं. चंद्रावतीने आधी थोडेच पापड ठेवले. विश्वास तेवढाच उरला होता. दुसऱ्या संध्याकाळी तिने त्यातला एक उचलला, कानाजवळ नेऊन नखाने वाजवला. मग मोडला. कट्ट झालं.

"उद्या सगला आनते," ती म्हणाली. "पन भाई, किल्ली मुनीराकडे ऱ्हाईल."

त्या आठवड्यात पाऊस होता आणि नव्हता. माल पेणला गेला. गडबातच दोन घरांनी मिरगुंडं वाळवून मिळतील का म्हणून विचारलं. यूनुसचा फोन आला, तेव्हा इलियास जाळी ताणत होता.

"व्हिसाचा कागद येतोय," यूनुस म्हणाला. "फोटो पाठव."

इलियासने शटरखालच्या फटीकडे पाहिलं. पलीकडे मुनीराचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

"नको," तो म्हणाला. "जागा दुसऱ्याला दे. हितं नळ्या बसवायच्या हायेत."

पाय निघून गेले. थोड्या वेळाने शटरखालून चहा सरकवला गेला. स्टीलचा पेला, कडेला पोचा आलेला, आणि तो इतका तापलेला की धरता येईना. इलियासने तो रुमालात धरून प्यायला.

पासपोर्टची मुदत पुढच्या जूनमध्ये संपली. तो कपाटात पांघरुणांखाली आहे.