तिसऱ्या लेकीची दाई

पेरोनेल माझी नणंद. तिचा नवरा दारूची पिंपं घडवायचा आणि ती घाटावर मासे विकायची. तोंडानं फटकळ, पण हाताला माया. लुआर नदीकाठच्या आमच्या गावात कुणाचं मूल रडायला लागलं की ते तिच्याकडे द्यायचे आणि ते गप्प व्हायचं. हे किल्ल्यापर्यंत कसं पोहोचलं देव जाणे, पण धाकट्या राणीसाहेबांचे दिवस भरत आले तेव्हा दूध पाजणारी दाई म्हणून तिला बोलावणं आलं. पेरोनेलचं स्वतःचं पोरगं नुकतंच भाकरीचे तुकडे चघळायला लागलं होतं. ते माझ्या सासूबाईंकडे ठेवून ती गेली, आणि बाळंतिणीचे कपडे धुवायला मलाही सोबत घेऊन गेली.

राणी सांचा डोंगरापलीकडच्या मुलखातली. लहान वयात लग्न होऊन आली, तिला आमची भाषा धड येत नव्हती. राजेसाहेब मोहिमेवर. घरात सत्ता सासूची, थोरल्या राणीसाहेबांची. दोन मुली आधीच होत्या, आणि तिसरीही मुलगीच झाली. किल्ल्यात घंटा वाजली ती एकदाच, तीही हळू.

मुलीचं नाव आएलीस ठेवलं आणि तिला पेरोनेलच्या मांडीवर दिलं. राण्या अंगावर पाजत नाहीत. दूध आटावं म्हणून सांचाबाईंच्या छातीला पट्टे आवळून बांधले होते. त्या पलंगावर पडल्या पडल्या पेरोनेलकडे नुसत्या बघत राहायच्या.

"अशा काय बघताय, राणीसाहेब?" पेरोनेलनं एकदा विचारलं.

"तू खाते खूप," त्या म्हणाल्या.

"खाते खूप, म्हणून तुमची लेक वाढते खूप."

राणीसाहेब हसल्या. त्यानंतर आमची भाषा त्या पेरोनेलकडूनच शिकायला लागल्या, शिव्यांसकट.

मग नदीला पूर आला. पूल वाहून गेला आणि किल्ल्याचं बेट झालं. त्याच आठवड्यात पेरोनेलला ताप चढला. छाती दगडासारखी झाली, अंग फणफणलं. तिनं स्वतःच सांगितलं, "पोरीला माझ्यापासून लांब न्या. हे दूध आता विष आहे." शेळीचं दूध फडक्यानं पाजून बघितलं, पोरगी ओकली. रडून रडून तिचा आवाज बसला, आणि ती रडायची थांबली तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

पलीकडच्या काठावरून दुसरी दाई आणायला होडी पाठवावी, असं कारभारी म्हणाला. थोरल्या राणीसाहेबांनी खिडकीतून पाणी पाहिलं.

"तिसऱ्या मुलीसाठी नावाडी बुडवायचे का?" त्या म्हणाल्या, आणि प्रार्थनेला निघून गेल्या.

सांचाबाई उठून बसल्या. त्या छातीचे पट्टे सोडायला लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. सख्या एकमेकींकडे बघत उभ्या. मी हातातली बादली खाली ठेवली आणि मागची गाठ सोडली. 

"पेरोनेल बोलाव," त्या मला म्हणाल्या. "मला येतो नाही."

आम्ही तिला खुर्चीतून आणून दाराशी बसवलं. डोळे तापानं लाल, पण जीभ शाबूत.

"अहो, पोर धरलंय की काचेचं भांडं? पोटाशी घ्या. पोटाशी. खांदे सोडा. तुम्ही तिच्यावर वाकू नका, तिला वर घ्या."

"दूध नाही."

"येईल. ओढू द्या तिला. दुखेल."

दुखलंच. राणीसाहेबांनी ओठ चावले. पोरगी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. तेवढ्यात दार उघडलं आणि थोरल्या राणीसाहेब आत आल्या. खोलीतल्या सगळ्या बायका खाली वाकल्या. सांचाबाई हलल्या नाहीत.

"राजघराण्यात या कामाला बाया ठेवतात, सूनबाई."

"बाई आजारी. मुलगी माझा. भूक थांबत नाही."

म्हातारी पलंगापाशी आली. पोरीच्या घशातून घोट उतरल्याचा आवाज आला, अगदी बारीक. तो सगळ्यांनी ऐकला. मग थोरल्या राणीसाहेबांनी खाटेवरची उशी उचलली आणि सुनेच्या कोपराखाली सरकवली.

"हात भरून येतो," त्या म्हणाल्या. हे त्यांना कसं ठाऊक, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मी आयुष्यात मोठ्या मिरवणुका पाहिल्या, बिशप पाहिले, सोन्याचे रथ पाहिले. त्या खोलीत जसे माझे गुडघे वाकले तसे पुन्हा कुठे वाकले नाहीत.

पेरोनेल वाचली, पण तिचं दूध परत आलं नाही. आता आपली रवानगी, म्हणून तिनं गाठोडं बांधलं. राणीसाहेबांनी ते सोडायला लावलं. "दूध माझा, अक्कल तुझा. राहा," म्हणाल्या. राजेसाहेब परतले ते लेक पाजणाऱ्या राणीकडे बघतच राहिले, पण कुणी तिला थांबवलं नाही.

पेरोनेल गावी येऊन-जाऊन असायची. पुढे तिचा नवरा वारला, मुलगा पिंपांच्या धंद्याला लागला. आएलीस नऊ वर्षांची झाली आणि तिचं लग्न पार हंगेरीकडच्या एका सरदारघराण्यात ठरलं. राजाच्या मुली अशाच जातात. सांचाबाईही अशाच आल्या होत्या.

"मी जाते तिच्याबरोबर," पेरोनेल म्हणाली.

"अगं, डोंगर चढायचे आहेत," मी म्हटलं. "तुला तर किल्ल्याचा जिना चढवत नाही."

"बसून बसून चढेन."

निघायच्या दिवशी राणीसाहेब घाटापर्यंत पायी आल्या. लेकीला त्यांनी कुरवाळलं, उपदेश केला, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मग पेरोनेलपुढे आल्या. आमच्या घाटावरच्या कोळणी बोलतात तशा बोलीत, एकही चूक न करता म्हणाल्या, "पोरीला जप गं बाई. आणि स्वतःलाही जप, नाहीतर तिथं येऊन झोडपीन."

पेरोनेल परत आली नाही. बऱ्याच वर्षांनी एका लोकरीच्या व्यापाऱ्यानं खबर आणली. ती तिथं तीन भाषांत नोकरांना फैलावर घ्यायची, आणि सरदारसुद्धा तिच्यापुढे टोपी काढायचा. गेली तेव्हा आएलीसनं तिला त्यांच्या प्रार्थनाघरात, घराण्याच्या थडग्यांच्या ओळीत पुरलं. दगडावर नाव कोरलंय म्हणे.

मी तिच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पिंपाला पट्टा ठोकत होता. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "हंगेरी कुठल्या दिशेला?"

मी पूर्वेकडे हात केला. आम्ही दोघं तिकडे बघत उभे राहिलो.