जुईचं संध्याकाळचं दूध

दिवस कलायला लागला की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. सकाळचं दूध जुई आनंदाने प्यायची, दुपारचंही प्यायची. पण घरोघरी दिवे लागले आणि मी बाटली तिच्या ओठांशी नेली की ती तोंड फिरवायची. पुन्हा नेली की पाठीची कमान करून, मुठी आवळून रडायची. ते रडणं हट्टाचं नव्हतं. कुणी तरी चुकीच्या दारात आणून सोडल्यासारखं ते होतं, निदान मला तरी तसं वाटायचं.

जुई आमच्याकडे आली तेव्हा चार महिन्यांची होती. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून, दोघांनीही चाळिशी ओलांडल्यावर आम्ही तिला संस्थेतून दत्तक घेतलं. मी जळगावला शाळेत शिकवते. तिच्यासाठी रजा काढली होती. बाटली कशी उकळायची, पाणी किती कोमट हवं, सगळं शिकून घेतलं होतं. संध्याकाळ मात्र कुणी शिकवली नव्हती. बाटलीची बोंडं बदलली, दूध कधी थोडं गरम तर कधी थोडं गार करून पाहिलं, शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. डॉक्टरांनी कान, घसा, पोट तपासलं आणि म्हणाले, "तसं काही दिसत नाही. जबरदस्ती करू नका. पण वजन वाढायला हवं. पुढच्या खेपेलाही वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवून तपासण्या करू."

जबरदस्ती करू नका, हे ऐकायला सोपं होतं. वजनाचा काटा डोळ्यांपुढे असताना हात थांबत नव्हता. आणि मनात एक शंका होती, ती मी ह्यांनाही सांगितली नव्हती. संध्याकाळी हिला दुसऱ्या कुणाची तरी आठवण येत असेल. ज्या हातांना ही शोधते, ते हात माझे नाहीत.

अशातच श्रावणातला आमच्या कानबाई देवीचा सण आला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. सासऱ्यांचा, नानांचा फोन आला, "पोरीले लई या." जुईला घेऊन मला जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर देवीवर माझा रागच होता. इतकी वर्षं मागितलं तेव्हा दिलं नाहीस, आता दिलंस तर असं तोंड फिरवणारं. पण नानांचा शब्द हे मोडत नाहीत. आम्ही निघालो.

घर माणसांनी भरलं होतं. चौरंगावर नारळाची कानबाई हिरव्या वस्त्रात, नथ घालून उभी होती. आमच्याकडे देवीच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. जुईच्या नावाचं धान्य निघालं असेल का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. मोठ्या जाऊबाईंनी ते ओळखलं. पाण्याचा तांब्या हातात देताना त्या म्हणाल्या, "तिना नावनी सव्वा मूठ मी सगळास्ना पहिले काढी." माझे डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, साऱ्या घराने हिला आपलं म्हटलं. आता हिनेच मला आपलं म्हणायचं राहिलंय.

संध्याकाळची आरती सुरू झाली आणि जुईचं रडणंही. बायका भोवती जमल्या. कुणी म्हणे आडवी धर, कुणी म्हणे चमच्याने पाज, कुणी हातातून बाटलीच घेऊ लागली. मी जुईला उचललं, एका हातात बाटली धरली आणि मागच्या पडवीत गेले. तिथे भिंतीला टेकून एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. आमच्या घरातली नव्हती. गावातून दर्शनाला येणाऱ्या बायकांपैकी कुणी असावी. पावसाची भुरभुर होती, पडवीत दिवा नव्हता.

"काय व्हयनं वं बाई?" तिने विचारलं.

"दूधच पीत नाही. रोज संध्याकाळी असंच करते."

"आन तू पाजीच ऱ्हायनी." ती हसली. "ती बाटली ठेई दे. पोर आठे दे. तू बी बठ, जराशी पाठ टेक."

मला वाटलं, आता ही काही उपाय करील. तिने काहीच केलं नाही. जुईला लांब केलेल्या पायांवर घेतलं आणि पाय हळूहळू हलवत पागोळ्यांकडे बघत बसली. जुई रडत होती, तरी ती गडबडली नाही. आतून बायकांची गाणी येत होती. मी भिंतीला पाठ टेकली. त्या वेळेला माझे हात रिकामे असण्याची, जुई आल्यापासूनची, ती पहिलीच संध्याकाळ. मग मी मनात म्हणाले, कानबाई, ही तुझीच आहे. माझ्याने होत नाही, आता तूच बघ. ती प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. थकलेलं माणूस ओझं खाली ठेवतं, तसं ते होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रडणं कधी थांबलं तेही कळलं नाही. पाहिलं तर जुई स्वतःची मूठ चोखत होती. म्हातारी म्हणाली, "आते भूक लागनी तिले. जाय वं, तुना मायजोडे जाय," आणि तिने जुईला माझ्या मांडीवर ठेवलं. माय हा शब्द तिने इतका सहज उच्चारला, की त्यात शंकेला जागाच नव्हती. जुईने मान वळवली आणि माझ्या पदरात तोंड खुपसून काही तरी शोधू लागली. मी हाक मारून जाऊबाईंकडून कोमट पाणी आणि दुधाच्या पावडरीचा डबा मागवला, ताजं दूध केलं. बाटली पुढे नेली नाही, नुसती जवळ धरली. तिनेच ओठ लावले. माझ्याकडे एकटक बघत ती प्यायली. सगळं नाही, पण अर्ध्याहून जास्त. मग तशीच झोपली. मी मान वर केली तेव्हा म्हातारी उठून गेली होती.

जळगावला परतल्यावर सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं नाही. काही संध्याकाळी जुई पुन्हा तोंड फिरवायची. मग मी बाटली बाजूला ठेवायची, घरातला दिवा मंद करायची आणि तिला मांडीवर घेऊन मेहरूणच्या तलावाकडच्या गॅलरीत नुसती बसायची. थोड्या वेळाने ती आपणहून मागायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन केलं आणि तपासण्यांचं नाव काढलं नाही. हे म्हणतात, त्या वेळी तिला उजेड आणि गलका सोसत नसेल. तसंही असेल. मी वाद घालत नाही.

हिवाळ्यात जाऊबाईंच्या माहेरच्या लग्नात ती म्हातारी अचानक दिसली. नात्यातल्याच कुणाची तरी मावशी निघाली. मी जुईला घेऊन तिच्यापाशी गेले आणि त्या संध्याकाळबद्दल सांगितलं. तिने खूप आठवून पाहिलं.

"माले तं याद बी नही, बाई. मी काय करं? पाय दुखेत म्हनीसन बठेल व्हतू."

मी वाकले, तर तिने माझे हात धरले. "मना पाय कसाले पडस? कानबाईना पाय पड."

तिला खरंच काही आठवत नव्हतं, आणि तेच मला सर्वांत मोठं वाटलं. आपल्या हातून काय दिलं गेलं, हे तिला ठाऊकही नव्हतं. दूध तयार करणं माझ्याकडे आहे. भूक देणारी वेगळी आहे, आणि ती वेळेवर देते. देवीने दिलेलं लेकरू मी इतकं घट्ट धरलं होतं, की त्याला माझ्याकडे वळायलाच जागा नव्हती. पडवीतल्या त्या अंधारात मी हात सैल सोडले, आणि ते माझ्याकडे वळलं.