पाण्याला वळलेला रस्ता

आमच्या गावातला राज्यमार्ग अगदी आखूड. एसटी स्टँडपाशी सुरू होतो आणि नदीपलीकडे मोठ्या रस्त्याला मिळून संपतो. सगळा सरळ, फक्त पिठाच्या गिरणीपुढे एकदम उजवीकडे वळतो. तिथे ना टेकडी, ना देऊळ, ना जुने झाड. दळणाचा डबा घेऊन जाताना मला दर वेळी वाटायचे, हे वळण कशासाठी?

शेवटी गिरणीवाल्या आप्पांना विचारले. ते म्हणाले, "इथं बैलांसाठी हौद होता. बाजाराच्या गाड्या पाण्याला वळायच्या. चाकोरी पडली, तिच्यावर खडी आली, मग डांबर. हौद बुजला, वळण राहिलं."

तेव्हापासून कुठलेही वळण दिसले की मनात येते, इथे कोणाला तहान लागली असेल?

आता हे वळण काढून रस्ता सरळ करणार आहेत. वळणावर शकूमावशींची चहाची टपरी आहे.

"गाडी हळू झाली की ड्रायव्हरला चहा आठवतो," मावशी म्हणाल्या. "सरळ रस्त्यावर कोण थांबतंय?"

"तू रस्त्यात आडवी बस," आप्पा म्हणाले. "आपोआप वळण पडेल."

मावशी हसल्या नाहीत.

काल भर उन्हात मोजणीवाले आले. हौदाची जागा बाजूला टाकून त्यांनी पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ मारली. मावशी टपरीतून बघत होत्या. काम संपताच मोजणीवाल्यांचे साहेब घाम पुसत रेघ सोडून टपरीकडेच वळले.

"मावशी, पाणी मिळेल का?"

मावशींनी तांब्या पुढे केला. "घ्या. बैलंसुद्धा इथंच थांबायची."