नवरदेवाच्या गाडीतून आलेला इब्राहिम

त्या दिवशी सकाळी मी रामरायाला नमस्कार न करताच घराबाहेर पडलो. जन्मात पहिल्यांदाच. माझा स्वभाव जात्याच तापट, रुसलो की देवालाही सोडत नाही. आणि कारणही तसंच होतं. आमच्या ओझरचा इब्राहिम, माझा लहानपणापासूनचा जोडीदार, पलटणीत शिपाई होता. सरहद्दीवर गोळी लागून तो देवळालीच्या लष्करी इस्पितळात पडला होता. त्याच्यासाठी मी पाच नारळांचा नवस बोललो होतो, आणि आदल्या संध्याकाळी तो गेल्याची तार आली. मग नमस्कार कशाचा करायचा?

इब्राहिमची आई अमीनाचाची, विणकराची विधवा. हा तिचा एकुलता एक. त्याचं लग्न ठरत आलं होतं, म्हणून मागच्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं की, आई, आता येईन तो वाजतगाजतच येईन. पत्र मीच वाचून दाखवलं होतं. आता चाचीनं एकच मागितलं, माती देण्याआधी लेकाचं तोंड डोळे भरून बघायचं. पण तिला रातांधळेपणा. दिवस मावळला की दिव्यापुढे धरलेला स्वतःचा हातही तिला दिसत नसे. म्हणजे उजेड आहे तोवर त्याला घरी आणायला हवं होतं.

मोहल्ल्यातले चार आणि आमच्या भजनी मंडळाचे सहा, असे दहाजण आपणहून देवळालीला गेलो. पलटणीनं लॉरी दिली, पण ती आडगावापाशी बसली ती बसलीच. दुपार कलली होती. ओझर अजून तीन कोस. जड सागवानी पेटी आम्ही खांद्यावर घेतली. पण आम्ही टाळ कुटणारी माणसं, ओझं वाहायची सवय कुणाला! पाव कोसात तीनदा पेटी खाली टेकवावी लागली. सूर्याकडे बघून मला रडूच कोसळलं. रामरायाला चार शब्द सुनावावेत म्हटलं, तर तेही सुचेनात. "आता तूच बघ," एवढंच तोंडातून निघालं.

तेवढ्यात समोरून सनई ऐकू आली. लग्नाचं वऱ्हाड येत होतं. शुभकार्याला प्रेत आडवं जायचं, केवढा अपशकुन! म्हणून मीच सगळ्यांना दटावून पेटी रस्त्याखाली उतरवली आणि बाभळींच्या आड नेली. माझा शहाणपणा तो! पहिल्या गाडीतून पागोटं सावरत एक म्हातारा उतरला आणि तरातरा आमच्याकडे आला. तो नवरदेवाचा आजा, दिंडोरीकडचा. मी हात जोडून माफी मागायला लागलो, तर त्यानं मलाच झापलं.

"मढं सामोरं येणं लय भाग्याचं असतं. आमचा शकुन लपवता का?"

पेटीत कोण आहे आणि घाई कशाची, ते मी सांगितलं. म्हाताऱ्यानं एकदा सूर्याकडे पाहिलं आणि नातवाला हाक मारली.

"उतर खाली. शिपायाला जागा दे. मुलीचं गाव हाकेवर हाय, चालत जाऊ."

नवरदेव बाशिंगासकट उतरला, आणि पेटीला पहिला हात त्यानंच लावला. बैलांच्या घुंगुरमाळा काढू या, हे बरं दिसत नाही, असं मी म्हटलं. गाडीवान म्हणाला, तोवर सूर्य काय तुमच्यासाठी थांबणार आहे? आणि त्यानं गाडी ओझरकडे वळवून बैलांच्या शेपट्या पिळल्या.

ओझरात शिरलो तेव्हा कौलांवर अजून ऊन होतं. घुंगरं ऐकून चाची दारात आली. गाडीवरचं तोरण, बैलांच्या झुली, सगळं तिनं नीट पाहिलं. मी शरमेनं मान खाली घातली. आम्ही पेटी उघडली. तिनं दोन्ही हातांनी लेकाचं तोंड कुरवाळलं, किती तरी वेळ पाहिलं, आणि रडता रडता हसली.

"बोलला होता तसाच आला बघ. वाजतगाजत."

उजेड होता तोवरच जनाज्याची नमाज झाली आणि बापाशेजारी त्याला माती दिली. एक मूठ माझ्याही हातची.

म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी पाच नारळ घेऊन देवळात गेलो. पुजारी म्हणाले, नवस फळला वाटतं! खरं तर मागितलं ते मिळालं नव्हतं. जोडीदार गेला तो गेला, आजही सलतं. पण देवानं काय करावं हे मी सांगत होतो तोवर मला वाट दिसत नव्हती. "तूच बघ" म्हटलं, आणि मी बाभळीआड लपलो तरी तो मला शोधत आला. पुजाऱ्यांना म्हटलं, हो, फळला. नारळ फोडले आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा चाचीला नेऊन दिला.