जावेच्या नावावरचं दुखणं

"सुनीताबाई, तुम्हाला टीबी आहे," एक्स-रे उजेडाकडं धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्षणभर वाटलं, सुनीतालाच सांगतायत. सुनीता म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती बिचारी तिकडं जत तालुक्यात मेंढरांमागं धडधाकट हिंडत होती. मी हौसाबाई, वय एकसष्ट. केसपेपरवर मात्र सुनीता, वय बेचाळीस.

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला चळ लागला.

शिरवळला एका कारखान्यात मी दोन वर्षं खोकी भरायचं काम केलं. अठ्ठावन्नच्या पुढची बाई तिथं घेत नाहीत. ठेकेदार म्हणाला, "मावशी, घरातल्या कुणाचंतरी आधार आणा की. झेरॉक्सवर फोटो काळाच येतोय." मी सुनीताचं दिलं. आमच्यातल्या निम्म्या बाया अशाच. हजेरीत कुणी सुनेच्या नावाची, कुणी बहिणीच्या. जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना हाका मात्र खऱ्या नावानं.

रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. श्वास घेतला की उजवी कूस दुखायची. ठेकेदारानंच सातारच्या सरकारी दवाखान्यात आणलं आणि केसपेपर काढला. "रजेचा दाखला हजेरीतल्या नावाचाच लागतोय. तोंड उघडू नका," असं बजावून तो गेला, तो गेलाच.

प्लुरल इफ्युजन म्हणाले. म्हणजे फुफ्फुसाच्या भोवती पाणी साठतं. मला पुढं वाकवून पाठीत सुई घातली आणि गुळाच्या पाण्यासारखं पाणी काढलं. दुखतं, पण श्वास मोकळा होतो. भिऊ नका.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी टीबी झाला होता का?"

"न्हाई."

सुनीताला कुठं झाला होता? मला झाला होता, पंधरा वर्षांमागं. बरं वाटायला लागल्यावर दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या होत्या.

नर्स सुनीता म्हणून हाक मारायची, मी दुसऱ्या हाकेला हलायची. भेटायच्या वेळेला शेजारच्या खाटेभोवती चार माणसं आणि डबा. मी भिंतीकडं तोंड करून पडायची. कामावरच्या बायांना फोन लावले, एकीनंही उचलला नाही. रागवू कशी? त्यांचीही नावं उसनीच.

पाचव्या दिवशी आमच्या अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, तिच्या शेजारणीच्या मोबाइलवरनं फोन आला. "हौसे, हायस का गेलीस? काल जतवरनं दोन एसट्या बदलून आले. खिडकीवरची बाई म्हणती, असं कुणी पेशंटच न्हाई. वार्ड हिंडाय गेले, तर बायकांच्या वार्डाच्या दारातच पेशंटचं नाव विचारून परत लावलं मला. भाकरी स्टँडवरच्या कुत्र्याला घातली बघ."

तिला माझं दवाखान्यातलं नाव सांगायची मला लाज वाटली होती. फोन ठेवला आणि मनात आलं, मी मेले तर ह्या दवाखान्यात सुनीता मरेल. मला न्यायला कुणाला बोलावतील?

सकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. जुना टीबीही सांगितला. त्या खुर्चीवर बसल्याच. "अहो आजी, अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू निर्ढावतात. ती तपासणी आधीच लावली असती मी." मी म्हटलं, काम जाईल हो. त्या म्हणाल्या, "कामाचं मला सांगता येत नाही. टीबीचं औषध सरकार सगळ्यांना फुकट देतं, त्याला कारखान्याचं कार्ड लागत नाही."

पुन्हा पाणी काढलं, तपासायला पाठवलं. निकाल येईपर्यंतचे दिवस सरता सरेनात. सुनीताला फोन केला, तर ती कडाडली, "माझ्या नावावर टीबी लावून ठिवलासा व्हय, जाऊबाई? उद्या पोरीच्या सोयरिकीला कोण उभं ऱ्हाईल?" तिचं चूक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव टीबीच्या सरकारी यादीतून काढायला लावलं, तेव्हा कुठं ती निवली.

निकाल चांगला आला. जंतू निर्ढावले नव्हते, नेहमीचीच औषधं लागू पडणार होती. ठेकेदाराला कळवलं, तर म्हणाला, "हौसाबाई? ह्या नावाचं आमच्याकडं कुणी कामालाच नव्हतं." दोन वर्षं उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या, आणि मी तिथं नव्हतेच म्हणे.

बायांनो, पोटासाठी उसनं नाव घेतलं असेल तर मी कोण नावं ठेवणार? बिनकागदाची बाई कुणाला अडचण होत नाही, तोवरच तिला काम मिळतं. पण डॉक्टरपुढं तरी आपलं अंग आपल्या नावानं दाखवा. आणि गोळ्या मध्येच सोडू नका.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागद लिहिला. विचारलं, "काय काम करत होता?" मी सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: हौसाबाई, वय एकसष्ट, शिरवळ येथे कारखान्यात दोन वर्षे पॅकिंगचे काम. खाली सही, शिक्का.

त्या बाईंचे उपकार कसे फेडू? तो कागद घेऊन आता मी कामगार ऑफिसात जाते. साहेब म्हणतात, तुम्ही तिथं कामाला होता हे ठरवायला एवढ्यानं भागेल का बघू. मी बाकावर बसते. शिपाई हौसाबाई म्हणून हाक मारतो, आणि मी पहिल्या हाकेला उठते.