दहाव्याला मागितलेला शब्द

ताई गेल्यावरच मला कळवलं. मी तेव्हा अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. ती कित्येक दिवस काविळीनं अंथरुणाला खिळली होती, सासरचे झाडपाला पाजत होते आणि मला कुणी चकार शब्द सांगितला नाही.

"तुजी परीक्षा व्हती, कावून सांगायचं?" चुलतीनं दारातच ऐकवलं.

कावीळ मी शिकले होते. तिचे डोळे एकदा पाहिले असते तर मी तिला ओढत दवाखान्यात नेलं असतं.

दहावा शिरूर कासारकडच्या त्यांच्या गावी, नदीच्या कोरड्या पात्रात झाला. पिंड मांडले, सगळे मागं सरकले. कावळे बाभळीवर बसून होते, खाली एकही येईना. दाजींनी हात जोडून सांगितलं, "आपल्या पोरीला नीट सांभाळीन." कावळा हलला नाही. सासरे बोलले, माझे वडील बोलले. ऊन चढत होतं. मग ताईची सासू सगळ्या भावकीसमोर माझ्याकडं वळली.

"तिचा जीव लेकरात अडकलाय. तू म्हण, मी त्या लेकराची आई व्हते. बग कावळा शिवतो का न्हाई."

"मावशी आहेच की मी. मी बघीन तिच्याकडं."

"मावशी न्हाई, आई. ह्या घरात ये."

मी वडिलांकडं पाहिलं. ते पायाखालच्या वाळूकडं बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या पाठीमागं हे सगळं ठरलं होतं, आणि मी मूर्खासारखी बहिणीला निरोप द्यायला उभी होते.

"दाजी, तुमी बोला. तुमाला पटतंय हे?"

"थोरले म्हणतील तसं," दाजी म्हणाले. मान वर केली नाही.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "तिला काय पायजे हे आज कावळ्याला विचारताय? ती पिवळी पडली तवा तिला कावून न्हाई विचारलं?"

"पोरीची जीभ बगा," कुणीतरी म्हणालं. चुलतीनं माझा दंड धरून ओढलं. मी शब्द दिला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं जेवायला गेली.

परतताना जीपमध्ये आई एवढंच म्हणाली, "एक गेली. नात तरी हाताशी ऱ्हायली असती."

"म्हणून दुसरी पण देतीस?"

त्यानंतर आई माझ्याशी बोलायची थांबली. फोन केला की वडिलांच्या हातात द्यायची. सगळ्यांना ताईचं दुःख होतं. मी मात्र हट्टी, मी उद्धट. माझीही बहीण मेली होती, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

दाजींनी काही महिन्यांतच दुसरं लग्न केलं. नवीन बायकोला पोर जड झाली. जिच्यात म्हणे ताईचा जीव अडकला होता, तिलाच एक दिवस कपड्यांच्या पिशवीसकट आमच्या दारात आणून सोडलं. दाजी आत येऊन पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मला नोकरी लागली. सुट्टीत घरी गेले तेव्हा शेजारची आजी भाचीला सांगत होती, "तुजी आई लई गुणाची. कदी वर तोंड करून बोलली न्हाई बग."

"खोटं हाय ते," मी ओरडलेच. "तुझी आई भांडायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. एका रिबिनीसाठी तिनं मला लाटण्यानं मारलंय." तिला गप्प बसायला सासरी शिकवलं, हे त्या पोरीसमोर तोंडात आलेलं मी गिळलं.

आजी उठून गेली. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आन् चावायची बी," ती म्हणाली. "दंडाला चावलती तुला. रगत आलतं."

कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि मला रडू फुटलं. आईनं पिठाचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. तीही रडत होती. तव्यावरची भाकरी जळाली.

रडलं की मन हलकं होतं म्हणतात. माझा राग काही गेला नाही. ताईच्या सासरहून वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं, तेव्हा फोन मीच उचलला. येणार नाही म्हणून सांगितलं. का येणार नाही, तेही सांगितलं. दाजी मध्येच फोन ठेवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.