मागे मी उभा होतो

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मलकापूरला आमच्या घरापासून जवळच एक जिम आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ प्रशांत रोज संध्याकाळी तिथे जायचो. पोलीस भरतीत मी दोनदा बाद झालो होतो, माझं वय निघून गेलं होतं. प्रशांतची भरती तोंडावर आली होती. त्याला व्यायामाला लावलं मीच. रॉड कसा धरायचा, श्वास कधी सोडायचा — सगळं मीच शिकवलं.

जिमच्या भिंतीवर एक फळा होता. बेंच प्रेसला किती वजन उचललं, ते ज्याचं त्याने खडूने लिहायचं. पुरावा कोण मागणार? माझा आकडा कित्येक महिने नव्वद किलोवर अडकला होता. आणि प्रशांतचा — ऐंशी, पंच्याऐंशी — वर सरकत होता. पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो. पण घरी येताना त्याच्याशी बोलायचो नाही. धाकट्या भावाचं बळ सलतं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने नव्वद उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो, शंभर चढवले. रॉड स्टँडवरून काढला — आणि घाबरून तसाच परत ठेवला. मग फळ्यावर माझ्या नावापुढे शंभर लिहिले.

संध्याकाळी प्रशांत फळ्यापुढे थबकला.

"दादा, खरंच मारले काय शंभर?"

"हाव. काऊन बे, पटत नाही काय तुले?"

"पटते ना. मंग मीबी मारतो आज. तू सपोर्टले राह्य."

तेव्हाच थांबवायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी प्लेटा चढवायला लागलो.

"तू हाय ना मांगं, मंग कायचं भेव?" बाकावर आडवा होत तो म्हणाला.

रॉड छातीला टेकला. अर्ध्यापर्यंत वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. माझे हात रॉडखालीच होते, चार बोटांच्या अंतरावर. "दादा, धर," तो म्हणाला. मी ऐकलं. आणि — इथे मी आठवताना दरवेळी अडतो — मी धरला नाही. लगेच नाही. मला त्याला हरताना बघायचं होतं. किती वेळ? एक श्वास. फार तर दोन. तेवढ्यात त्याच्या उजव्या खांद्यातून कापड फाटावं तसा आवाज आला आणि रॉड तिरपा झाला. मग धरला मी.

भरतीच्या दिवशी त्याचा हात झोळीत होता. पुढे ऑपरेशन झालं, पण भरतीच्या चाचणीत लागतं ते गोळा फेकणं काही जमलं नाही. आता तो एका कापूस व्यापाऱ्याकडे कामाला आहे. उजवा हात डोक्यावर जात नाही. शर्ट घालताना बायको बाही धरते.

परवा त्याच्या सासऱ्यांनी खांद्याचं विचारलं. प्रशांत हसून म्हणाला, "दादा होता म्हणून वाचलो मामाजी, नाहीतर रॉड गळ्यावरच आला अस्ता."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला — आणि मी तो तसाच वाटू दिला.